बदकांची वहिवाट

ज्याच्या परसात बदके असतात, त्याच्याकडे आलेला पाहुणा चहा घेता घेता अंड्यांची चौकशी हमखास करतो. आणि थोड्या वेळाने ती तपकिरी पाखरे एकामागून एक डुलत समोरून गेली की, आपणही चार बदके पाळावीत असा संकल्प त्याच्या मुद्रेवर उमटू लागतो. त्या संकल्पाच्या आड येण्याची माझी इच्छा नाही. दक्षिण कोकणातील आमच्या आगरात ही पाखरे मी बरेच पावसाळे सांभाळली आहेत आणि त्यांच्या सहवासाचे सुखही पुरेपूर भोगले आहे. तथापि अंड्यांविषयी विचारणाऱ्याला मी उलट पाण्याविषयी विचारतो, आणि तेही पाणी कोठून आणाल असे न विचारता, बदकांनी एकदा घाण केलेले पाणी कोठे घालवाल असे विचारतो. ज्याच्यापाशी या प्रश्नाचे उत्तर तयार आहे त्याने पुढील अडचणींची फारशी धास्ती बाळगू नये. ज्याच्यापाशी नाही त्याने खुशाल कोंबड्या पाळाव्यात.

अंड्यांसाठी आपल्याकडे मुख्यत्वे खाकी कॅम्पबेल ही जात पाळतात. इंग्लंडातील ग्लॉस्टरशायर परगण्यात कॅम्पबेल नावाच्या एका बाईंनी विसाव्या शतकाच्या आरंभी ती सिद्ध केली. तिच्या नावावर वर्षाकाठी ३०० च्या घरात जी अंडी जमा दाखवली जातात ती उत्तम व तोलून दिलेल्या खाद्यावरची असतात, स्वयंपाकघरातील खरकट्यावरची नव्हेत, हे ध्यानात ठेवून प्रत्येकाने आपल्या हिशेबात यथाशक्ति वजावट करावी. शुभ्र पेकिन मांसासाठी प्रसिद्ध आहे. मूळची दक्षिण अमेरिकेची, तोंडाभोवती लाल मांसल गाठी असलेली मस्कवी अंडी देण्यात कृपण खरी, पण कंठाने जवळजवळ मुकी असते. ज्याचा शेजार दाट आहे त्याने तिचाच विचार करावा, कारण इतर जातींच्या माद्यांना मध्यरात्री मांजराची चाहूल लागली तरी त्या साऱ्या वाडीला साक्षीस बोलावतात.

माझ्या लेखी या पाखरांची सर्वांत मोठी कामगिरी गोगलगाईंच्या बाबतीतील आहे. मृग लागला की भाजीच्या वाफ्यांवर आणि अळूच्या पानांवर त्यांची जी धाड येते, तिचा बंदोबस्त बदके इतक्या तत्परतेने करतात की, औषधाचा खर्च जमाखर्चातून पार नाहीसा होतो. जपानातील ताकाओ फुरुनो या शेतकऱ्याने भाताच्या खाचरातच बदकांची पिले सोडून तण व कीड यांचा परस्पर निकाल लावण्याची रीत नावारूपाला आणली, आणि केरळातील कुट्टनाड भागात कापणीनंतर सांडलेल्या दाण्यांवर बदकांचे कळप चारण्याची चाल जुनीच आहे. मात्र ही चाकरी करताना आपले वेतन ती स्वतःच ठरवतात; गोगलगाईंबरोबर माठ, मुळा आणि कोवळी रोपेही त्या वेतनात धरली जातात, म्हणून रोपे चांगली मूळ धरीपर्यंत वाफ्यांना कुंपण हवे.

आता पाणी. बदकाला पोहण्यासाठी तळे लागतेच असे नाही. पण डोके पूर्ण बुडेल इतके खोल पाणी अनिवार्य आहे, कारण नाकपुड्या आणि डोळे ती त्यातच धुतात व ते न मिळाल्यास डोळे चिकटू लागतात. खाताना ती दर चार घासांमागे पाण्याकडे धावतात, चोचीतील कोंडा पाण्यात सोडतात, आणि ओल्या जमिनीत चोच खुपसून तिची चाळण करतात. सकाळी स्वच्छ पाण्याने भरलेले घमेले आपण पूजा आटोपून बाहेर येईपर्यंत राडेराड झालेले असते. त्यांची विष्ठाही पातळ व विपुल. उन्हाळ्यात हे सारे जमिनीत जिरून जाते आणि पाळणाऱ्याचा समज होतो की आपला मामला ठीक चालला आहे. खरा जाब पावसाळा विचारतो. आमच्या परसाला शेजारच्या आगराच्या बाजूने किंचित उतार आहे, आणि पहिल्याच आषाढात त्या उताराने जे काही वाहून गेले त्याची फिर्याद घेऊन शेजारचे काका गडग्यापाशी उभे राहिले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते अधिक लागले. "तुझी बदकां बरी आसत," ते म्हणाले, "पण तेंचा पाणी माझ्या बावीत नको हां."

त्यानंतर जी व्यवस्था केली ती आजतागायत चालू आहे, आणि नव्याने पाळणाऱ्याने ती पहिली बदके आणण्यापूर्वीच करावी अशी माझी शिफारस आहे. विहिरीपासून दूर, उताराच्या खालच्या अंगाला, जांभ्या दगडांचा एक बुटका ओटा घालून त्यावर जाड खडी पसरली. पाण्याची टाकी त्या खडीवर ठेवली. आणि उपसलेले पाणी एका पाटाने केळींच्या व माडांच्या अळ्यांत सोडले. टाकी रोज उपसावी लागते, आणि हे काम घरातील कोणी आजारी असले, लग्नकार्य असले किंवा गौरीगणपतीची गडबड असली तरी चुकत नाही. मोबदल्यात केळींना असे खत मिळते की, घड पाहून लोक जात विचारतात. खुराड्यात भाताचे तूस जाड अंथरावे व ओले झाले की काढावे. पाणी पिण्याची सोय खुराड्याच्या आत ठेवली तर एका रात्रीत त्याचे खाचर होते. मग आत खाद्यही ठेवू नये, कारण कोरडे खाद्य पाण्यावाचून त्यांच्या घशात अडकते.

दुसरी गोष्ट नरांची, जी संकोचापायी बहुधा कोणी सांगत नाही. पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरतो. याहून अधिक ठेवल्यास ते एकाच मादीच्या मागे लागतात, तिच्या मानेवरची पिसे उपटून काढतात, आणि पाण्यात तिला इतका वेळ दाबून धरतात की ती बुडून मरण्याचीही भीती असते. कोंबड्यांच्या माद्यांनाही ते मोकळे सोडत नाहीत, सबब दोहोंचे बिऱ्हाड एकत्र नसावे. नर ओळखण्याच्या खुणा दोन: शेपटीवरचे वर वळलेले पीस आणि घोगरा, बसका आवाज, पण दोन्ही वयात येतानाच प्रकट होतात, आणि विकत घेतलेल्या पिलांत निम्मे नर निघणे हा निसर्गाचा कायदा आहे. मांस खाणाऱ्या घरात हा प्रश्न स्वयंपाकघरात सुटतो. आमच्याकडे मुलांनी प्रत्येकाला नाव दिलेले, त्यामुळे तो वर्षानुवर्षे प्रलंबित राहतो.

पिलांचा मार्गही सरळ नाही. कॅम्पबेलची मादी अंडी घालण्यात जितकी दक्ष तितकीच उबवण्यात उदासीन, म्हणून अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवावी लागतात. कोंबडीच्या अंड्यांना २१ दिवस पुरतात, बदकाच्या अंड्यांना २८ लागतात, आणि मधल्या आठवड्यात काही कोंबड्या अपेक्षाभंग झाल्यासारख्या उठून जातात. कोंबडीखाली निघालेल्या पिलांना आईच्या पिसांवरचे तेल लाभत नाही. ती भिजतात आणि थंडीने गारठून मरतात, म्हणून पिसे फुटेपर्यंत त्यांना पोहण्याचे पाणी देऊ नये, मग पाण्याकडे पाहून ती कितीही आक्रोश करोत.

खाद्यात भुईमुगाची पेंड असेल तर ती पावसाळ्यात नाकाशी धरून पाहिल्याशिवाय घालू नये. १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले व त्यांच्याबरोबर बदकांची पिलेही. तपासाअंती दोष ब्राझीलहून आलेल्या पेंडीवरील बुरशीच्या विषाचा ठरला. या विषाला बदक फारच हळवे आहे.

तिन्हीसांजेला कोंबडी आपल्या पायांनी घरात येते. बदक मात्र अंधार पडला तरी बाहेरच रमते, आणि मुंगूस, कोल्हा व मोकाट कुत्री यांना हे ठाऊक असते. संध्याकाळचे दाणे रोज खुराड्याच्या दाराशीच टाकले की आठ-पंधरा दिवसांत त्यांना तेथे येण्याची सवय लागते. मग त्यांना आत हाकावे आणि कडी घरातल्या मोठ्या माणसाने स्वतः लावावी. सकाळी नऊपर्यंत दार उघडू नये, कारण अंडी बहुधा त्याआधी घातली जातात. लवकर सोडल्यास ती झुडपात पडतात आणि घोरपडीच्या वाट्याला जातात.

रोगांविषयी थोडक्यात. बदकांच्या प्लेगवरील लस पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळच्या वेळी टोचून घ्यावी. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला बर्ड फ्ल्यू आढळला तेव्हापासून हा रोग आपल्या परिचयाचा झाला आहे, आणि बदक वरून धडधाकट दिसत असतानाही त्याचे विषाणू बाळगू शकते. म्हणून आसपास पक्षी मरू लागले की वर्दी देण्यात कुचराई करू नये.

अंडी विकून श्रीमंत होण्याचा बेत कोणी करू नये. बंगाल, आसाम व केरळ येथे बदकाच्या अंड्याला हक्काचे गिऱ्हाईक आहे. आमच्या बाजारात लोक ते हातात घेऊन पाहतात, त्याच्या आकाराचे कौतुक करतात आणि परत ठेवतात. घरी खाताना ते पुरते शिजवावे, अर्धकच्चे खाऊ नये. शिवाय दोन-तीन वर्षांनी अंडी ओसरू लागतात, आणि पाखरू आठ-दहा वर्षे जगते. तेव्हा निवृत्तांच्या पोटगीची तरतूद अंदाजपत्रकात आधीच असावी. आमच्याकडे ती सर्वानुमते मंजूर झाली आहे. नरांची मात्र नाही, आणि सध्या देण्याजोगे दोन-तीन माझ्यापाशी आहेत. नेणाऱ्याने झाकणाची टोपली सोबत आणावी, त्यांना पंखांसकट कवेत धरावे, आणि कोंबडीप्रमाणे पायांना धरून उलटे टांगू नये, कारण बदकाचे पाय नाजूक असतात व एकदा दुखावले की लवकर बरे होत नाहीत.