परसांतील गुलाब : एडवर्ड व ग्लॅडिएटर

विहिरीच्या पाटालगत आम्ही एडवर्डच्या काड्या व ग्लॅडिएटरची सहा कलमे शेजारी शेजारी लावून पाहिली. ग्लॅडिएटर ही १९५५ साली प्रसिद्ध झालेली संकरित जात. फूल मोठे, तांबडे, दांडा लांब. एडवर्डचे फूल लहान व गुलाबी. ते लवकर गळते, परंतु गुलकंदास आम्ही तेच घेतो. एडवर्ड काडीवर सहज जगतो. ग्लॅडिएटरचा डोळा त्याच्याच खुंटावर भरलेला होता. येथे आमची फसगत झाली. डोळ्याखालून फुटलेले जोमदार धुमारे पाहून आम्हांस हर्ष झाला व ते आम्ही राखले. दुसऱ्या हिवाळ्यांत पाहतो तो चार झाडांवर एडवर्डचीच फुले! वरचा डोळा पोषणावांचून वाळला होता. कुळाने जमीन बळकावल्याच्या तक्रारी कचेरींत पुष्कळ उतरून घेतल्या, परसांत मात्र हा पहिलाच प्रसंग.

असा धुमारा वरवर कापल्यास पुन्हा फुटतो; करितां माती उकरून तो बुडापासून ओरबाडून काढावा. छाटणी पाऊस सरल्यावर आक्टोबरांत करावी. त्यावेळीं प्रत्येक कलमाचा सांधा बोटाने चांचपून पाहावा. उरलेल्या दोन ग्लॅडिएटरांस आम्ही आतां दर पंधरवड्यास असेच तपासतों.