ग्लुटाथायॉनचं सलाइन लावू का?

‘बाबांना कंपवात आहे. ग्लुटाथायॉनची सलाइनं घेतली तर मेंदूच्या पेशी वाचतात असं एके ठिकाणी सांगितलं. खर्चाची तयारी आहे. लावू का?’ अशा आशयाची पत्रं हल्ली सारखी येतात. ग्लुटाथायॉनच्या जागी कधी को-क्यू-टेन असतं, कधी ‘ई’ जीवनसत्त्व, कधी मुलाने परदेशातून पाठवलेली डबी. उत्तर आधीच देऊन टाकतो: लावू नका. पण सांगणाऱ्याने ही कल्पना हवेतून काढलेली नाही, त्यामुळे ‘नको’ का ते नीट समजून घ्या.

मध्यमेंदूत काळसर पेशींचा एक छोटा पट्टा असतो. हालचालींना लागणारं डोपामिन तिथे तयार होतं. काम झालेलं डोपामिन मोडलं जाताना हायड्रोजन पेरॉक्साइड बनतं आणि या भागात लोहही पुष्कळ असतं. दोघांच्या संयोगातून पेशीला इजा करणारे रेणू तयार होतात; ही इजा म्हणजेच ऑक्सिडेशनची इजा. त्यांना निकामी करण्याचं काम पेशीतलं ग्लुटाथायॉन करतं आणि कंपवाताच्या रुग्णांत नेमकं याच पट्ट्यात ते कमी झालेलं आढळतं. 1982 साली कॅलिफोर्नियात नशेसाठी भेसळीचं कृत्रिम हेरॉइन टोचून घेतलेली काही तरुण माणसं अचानक कंपवाताच्या रुग्णांसारखी, लाकडागत ताठ झाली. त्यातला एमपीटीपी हा पदार्थ मेंदूत जाऊन या पेशींमधली ऊर्जानिर्मिती बंद पाडतो आणि त्यातूनही असेच रेणू वाढतात, असं पुढे उघड झालं. तेव्हा ऑक्सिडेशन रोखलं तर पेशी वाचतील, हा तर्क चुकीचा नव्हता.

माणसांवर मात्र तो टिकला नाही. अमेरिका आणि कॅनडात सुरुवातीच्या टप्प्यातल्या 800 रुग्णांवर ‘ई’ जीवनसत्त्वाची चाचणी झाली. डोस रोज 2000 युनिट, म्हणजे नेहमीच्या 400 युनिटच्या पाच कॅप्सूल. 1993 साली आलेला निकाल: काहीही फायदा नाही. को-क्यू-टेनने 2002 मधल्या 80 जणांच्या अभ्यासात आशा दाखवली होती. मग 600 रुग्णांवर मोठी चाचणी घेतली, रोज 1200 आणि 2400 मिलिग्रॅम देऊन पाहिलं. फायद्याची शक्यता दिसेना, म्हणून ती मध्येच थांबवली. ज्यांच्या रक्तात युरिक अ‍ॅसिड जास्त, त्यांना हा आजार कमी होतो, हे निरीक्षण पक्कं आहे. म्हणून इनोसिन देऊन युरिक अ‍ॅसिड मुद्दाम वाढवलं. 2021 चा निकाल असा की आजार होता त्याच वेगाने वाढत राहिला आणि मुतखडे मात्र जास्त झाले.

सगळ्यांत बोलका प्रयोग लोहाचा. पट्ट्यात लोह जास्त आहे ना, मग ते काढून टाकू, या विचाराने डेफेरिप्रोन हे औषध 372 नव्या रुग्णांच्या चाचणीत आजमावलं गेलं. 36 आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांची प्रकृती न घेणाऱ्यांपेक्षा जास्त बिघडलेली निघाली. कारण बहुधा असं की डोपामिन तयार करणाऱ्या एन्झाइमलाच लोह लागतं. शरीरात एखादी गोष्ट ‘जास्त’ दिसली की ती काढा आणि ‘कमी’ दिसली की ती ओता, हा हिशोब किती भाबडा असतो, ते इथे कळतं.

हे उपाय का फसले? कंप दिसू लागतो तोवर त्या पट्ट्यातल्या निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. औषध उशिरा पोचतं. ग्लुटाथायॉन तर शिरेतून दिलं तरी रक्तातून मेंदूत नीट शिरतच नाही. शिवाय ऑक्सिडेशन हे मूळ कारण की अल्फा-सिन्यूक्लीन हे प्रथिन साचून पेशी आजारी पडल्याचा परिणाम, यावर अजून एकमत नाही.

‘पण शेजारच्या काकांना सलाइननंतर फरक पडला!’ पडला असेल. ग्लुटाथायॉन नाकात फवारण्याच्या चाचणीत खोटं औषध मिळालेले रुग्णही सुधारले होते. कंपवातात नुसत्या अपेक्षेनेही मेंदूत डोपामिन सुटतं. 2001 साली कॅनडातल्या संशोधकांनी मेंदूच्या स्कॅनवर ते दाखवून दिलं. काका खोटं बोलत नाहीत. त्यांना बरं वाटलं, पण म्हणून पेशी वाचल्या असं होत नाही.

घरात डबी आणलेलीच असेल तर निदान डॉक्टरांना दाखवा. ‘ई’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसाने, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर, रक्तस्रावाचा धोका वाढतो. लोहाच्या गोळीमुळे लेव्होडोपा हे कंपवाताचं मुख्य औषध कमी शोषलं जातं, म्हणून दोन्हींत किमान दोन तासांचं अंतर ठेवा. खाजकुइलीच्या चूर्णात खरोखरचं लेव्होडोपा असतं. ते गुपचूप चालू केलं तर गोळ्यांचा हिशोब बिघडतो.

पैसे आणि वेळ लावायचाच तर दोन गोष्टींवर लावा. पहिली, लेव्होडोपाची वेळ. गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्या आणि मनाने बंद कधीही करू नका. चक्कर किंवा उलटीसाठी सिनारिझिन, मेटोक्लोप्रमाइड यांसारखी गोळी कोणी लिहून दिली, तर ‘मला कंपवात आहे’ हे तिथल्या तिथे सांगा. या गोळ्यांनी ताठरपणा वाढतो आणि आपल्याकडे त्या सर्रास दिल्या जातात. दुसरी गोष्ट व्यायाम. 128 रुग्णांच्या एका अमेरिकी चाचणीत आठवड्यातून तीन दिवस ट्रेडमिलवर दम लागेल इतकं चालणाऱ्यांची लक्षणं सहा महिन्यांत जवळजवळ वाढली नाहीत. व्यायाम न करणाऱ्यांची वाढली. पेशी वाचतात का, हे यातूनही सिद्ध झालेलं नाही, पण चालणं, उठणं-बसणं सुधारतं. तोल जात असेल तर आधी फिजिओथेरपिस्टला आणि हृदयाचा त्रास असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारून सुरुवात करा.

आणि पुन्हा कोणी सलाइन सुचवलं, तर त्यांना एकच विचारा: कंपवाताच्या किती रुग्णांवर, खोट्या औषधाशी तुलना करून, याची चाचणी झाली? आकडा मिळाला तर मला कळवा.