चंद्रावरील मानवाच्या खुणा दुर्बिणीतून दिसतात काय ?

शुक्ल अष्टमीची रात्र होती. शाळेच्या पटांगणात लहानशी दुर्बीण मांडली होती. चंद्रावरील विवरे व त्यांच्या लांब सावल्या पाहून मुलांच्या आनंदाला पारावार उरला नाही. इतक्यात एकाने विचारले, "गुरुजी, अंतराळवीरांनी रोवलेला ध्वज कोठे आहे ?" ध्वज काही दिसेना. तेव्हा दुसरा म्हणाला, "दिसत नाही, त्या अर्थी माणूस तेथे गेलाच नसावा !"

विद्यार्थी मित्रहो, हा तर्क बरोबर आहे काय, हे आपण गणिताने पडताळून पाहू.

२० जुलै १९६९ रोजी अपोलो-११ चे यान चंद्रावर उतरले. १९७२ अखेरपर्यंत सहा मोहिमांतून बारा मानव तेथे वावरून आले. परतताना प्रत्येक यानाचा खालचा भाग तेथेच राहिला. पायांसह त्याची रुंदी सुमारे ९ मीटर आहे. चंद्राचे सरासरी अंतर मात्र ३,८४,४०० किलोमीटर ! निपाणीहून बेळगाव सरळ रेषेत सुमारे ६० किलोमीटर आहे. त्या प्रमाणात पाहिले, तर बेळगावच्या किल्ल्यावर ठेवलेला मोहरीचा दाणा निपाणीहून ओळखण्यासारखेच हे काम होय.

"मग दुर्बिणीची शक्ती वाढवावी," असे कोणी म्हणेल. परंतु केवळ चित्र मोठे केल्याने तपशील वाढत नाही. प्रकाश हा लहरीरूप असल्यामुळे दुर्बिणीतून जाताना तो किंचित पसरतो. भिंग किंवा आरसा जितका रुंद, तितका हा पसरटपणा कमी. १० सेंटिमीटर व्यासाच्या भिंगातून चंद्रावरील सुमारे अडीच किलोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. जुन्नरजवळील गिरवली वेधशाळेतील २ मीटर व्यासाच्या दुर्बिणीसाठी ही मर्यादा सुमारे १३० मीटर येते. अवकाशातील हबल दुर्बिणीसाठी सुमारे १०० मीटर. शिवाय भूमीवरील दुर्बिणीला हवेची थरथर आडवी येते, ती निराळीच. ९ मीटरचा तपशील टिपण्यास जवळजवळ २९ मीटर व्यासाचा आरसा हवा, आणि तोही हवेचा अडथळा नसताना !

दुरून जे साधत नाही, ते जवळ जाऊन साधते. २००९ पासून चंद्राभोवती फिरणाऱ्या अमेरिकन यानाने या यानांचे अवशेष, त्यांच्या सावल्या, इतकेच नव्हे तर अंतराळवीरांच्या पाऊलवाटाही टिपल्या. आपल्या चांद्रयान-२ चा कॅमेरा १०० किलोमीटर उंचीवरून पाव मीटरचा तपशील टिपतो. त्याने २०२१ मध्ये अपोलो-११ चे स्थळ, तर २०२३ मध्ये आपल्याच चांद्रयान-३ चे विक्रम हे अवतरक टिपले.

आणखी एक पुरावा तर पृथ्वीवरूनच मिळतो. अपोलो-११, १४ आणि १५ च्या वीरांनी तेथे प्रकाश आल्या दिशेला परत पाठविणारे परावर्तक ठेवले आहेत. पृथ्वीवरून सोडलेला लेसरचा किरण सुमारे अडीच सेकंदांत त्यांवरून परततो. या मोजमापांमुळेच चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटिमीटर दूर जात आहे, हे आपणांस कळले.

तात्पर्य, ध्वज दिसला नाही यावरून आपल्या दुर्बिणीची मर्यादा सिद्ध झाली; ध्वजाचा अभाव नव्हे. शंका अवश्य घ्यावी. पण निर्णय देण्यापूर्वी आपल्या साधनास किती दिसू शकते, हे आधी मोजावे.