हाडाशी जोडली जाणारी काच

आमच्या जमाखर्चात 'इम्प्लांट' या सदराखालील रक्कम पाहून काही देणगीदार पृच्छा करतात. पोलादी पट्ट्या व स्क्रू यांचा खर्च सर्वांना समजतो. परंतु हाडातील पोकळी भरण्यासाठी आणलेल्या, चमचाभर पांढऱ्या खड्यांचे बिल पाहून आश्चर्य वाटणे साहजिक आहे. आम्ही वाणिज्य शाखेचे. आम्हांसही ते प्रथम वाटले होते. म्हणून हे विवेचन.

शरीरात बसविलेल्या परक्या वस्तूभोवती सामान्यतः तंतुमय आवरण तयार होते व शरीर तिला जणू वेगळे ठेवते. शरीराने तिचा उपद्रव मानू नये, एवढीच पूर्वी अपेक्षा असे. १९६७ साली अमेरिकेतील फ्लोरिडा विद्यापीठाचे प्राध्यापक लॅरी हेंच यांना बसप्रवासात व्हिएतनामहून परतलेला एक सैनिकी अधिकारी भेटला. जखमी जवानांचे हातपाय कापावे लागतात, शरीर नाकारणार नाही असा पदार्थ का करीत नाही, असे त्याने विचारले. हेंच यांनी १९६९ मध्ये सिलिका, सोडियम, कॅल्शियम व फॉस्फरस यांपासून एक काच सिद्ध केली. उंदरांच्या मांडीच्या हाडात बसविलेले तिचे तुकडे सहा आठवड्यांनंतर हाडापासून सुटेनात.

याचे कारण असे, की शरीरद्रवात या काचेतील सोडियम बाहेर पडते व पृष्ठभागावर सिलिकेचा जेलीसारखा थर उरतो. त्यावर कॅल्शियम व फॉस्फेट साचून हाडातील खनिजासारखाच स्फटिकमय थर बनतो, आणि नवे हाड त्याला घट्ट धरते. अशा साहित्यास जैवसक्रिय म्हणतात. हायड्रॉक्सिअपॅटाइट हे त्याच कुळातील. त्यावर आधारित साहित्य तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेने आपल्या देशातच विकसित केले आहे.

मात्र ही काच ठिसूळ असते. चालताना पायावर येणारा भार ती पेलू शकत नाही. तेथे धातूची पट्टी लागतेच. शिवाय रुग्णाच्याच कमरेच्या हाडातून काढलेला तुकडा आजही उत्तम भरण मानला जातो. त्यात जिवंत पेशी असतात व तो विकत घ्यावा लागत नाही. पण त्यासाठी दुसरी जखम करावी लागते, ती बरेच दिवस दुखते, आणि लहान मुलांत पुरेसे हाड मिळतेच असे नाही. अशा वेळी हे खडे उपयोगी पडतात.

"पैशाचे पाहू नका, सर्वांत महागडे घाला," असे नातेवाईक कळवळून सांगतात. त्यांची माया आम्ही जाणतो. पण किंमत हा येथे निकष नव्हे. पोकळी केवढी, कोठे, व स्वतःचे हाड का पुरणार नाही, हे शल्यचिकित्सकांस अवश्य विचारावे. वापरलेल्या साहित्याच्या पाकिटावरील बॅच क्रमांकाचा स्टिकर केसपेपरवर लावलेला असतो. घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर तो क्रमांक उतरवून घ्यावा. पुढे दुसऱ्या रुग्णालयात जावे लागल्यास तेथील डॉक्टरांना तो उपयोगी पडतो.