गॉलचा किल्ला : सागरी संग्रहालयात इतिहास वाचताना

श्रीलंकेतील बौद्ध स्थळांच्या यात्रेला जाणारे आपले उपासक-उपासिका अनुराधपूर आणि कँडी आवर्जून पाहतात. दक्षिण किनाऱ्यावरील गॉल हे बंदर मात्र बहुधा राहून जाते. तेथील किल्ला व त्यातील सागरी संग्रहालय मी पाहिले, तेव्हा वर्गात वर्षानुवर्षे शिकवलेला इतिहास अपुरा होता, याची जाणीव झाली. त्या भेटीचा हा धडा माजी विद्यार्थ्यांसाठी व पालकांसाठी.

प्रथम किल्ल्याविषयी. पोर्तुगीजांनी १५८८ मध्ये येथे तटबंदी उभारली. डचांनी १६४० मध्ये हे ठाणे जिंकून ते ग्रॅनाइट आणि प्रवाळ दगडांनी भक्कम केले. १७९६ मध्ये ते इंग्रजांकडे गेले. जुन्या दरवाजावर बाहेरच्या बाजूस इंग्रजांचे राजचिन्ह आहे, तर आतील बाजूस डच ईस्ट इंडिया कंपनीची १६६९ ची मुद्रा. दरवाजा एकच, पण मालकीचे दावे दोन. सत्ताधीश आपले नाव दगडात कोरून ठेवतात. ज्यांनी तो दगड वाहिला, त्यांचे नाव कोणत्याच बाजूस नसते.

डचांच्या लांबलचक कोठारात हे संग्रहालय आहे. ‘आव्होन्डस्टर’, म्हणजे ‘सांजतारा’, या जहाजाची कथा तेथे कळते. इंग्रजांचे हे जहाज डचांनी पकडून आपल्या ताफ्यात घेतले. २ जुलै १६५९ रोजी भारताकडे न्यावयाची सुपारी लादलेली असताना त्याचा नांगर सुटला आणि ते बंदरातच बुडाले. सुमारे साडेतीन शतकांनंतर पाणबुड्या संशोधकांनी त्याचे अवशेष वर काढले. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत त्यांची किनाऱ्यावरील प्रयोगशाळा वाहून गेली. तरीही काम थांबले नाही. बुडालेल्या वस्तूंसाठी माणूस किती कष्ट घेतो, हे पाहून आदर वाटतो. बुडविल्या गेलेल्या माणसांसाठीही तेवढेच कष्ट कोणी घेतले काय, हा प्रश्नही मनात उभा राहतो.

ही कोठारे भरली ती प्रामुख्याने दालचिनीच्या व्यापाराने. दालचिनीची साल सोलण्याचे काम सलागम या जातीवर जन्माने लादलेले होते. पोर्तुगीज व डच ख्रिस्ती होते, जातिव्यवस्था त्यांच्या धर्माची नव्हती. तरीही तिचा मोडता पाय त्यांनी सावरला, कारण सक्तीची मजुरी त्यांना हवी होती. जात ही केवळ धार्मिक समजूत नसून फायद्याची व्यवस्था आहे, याचा हा बोलका पुरावा होय.

आता आपल्याला अधिक अस्वस्थ करणारा भाग. श्रीलंकेत खंडित झालेली भिक्खूंची उपसंपदा १७५३ मध्ये सियामच्या भिक्खूंच्या साहाय्याने पुन्हा सुरू झाली. परंतु लवकरच ती गोविगम या वरिष्ठ जातीपुरती मर्यादित करण्यात आली. बुद्धाच्या संघाच्या दारात जात उभी राहिली! तेव्हा सलागम समाजातील अंबगहपिटिये ज्ञानविमल यांनी तक्रार करीत बसण्याऐवजी समुद्राची वाट धरली. १७९९ मध्ये ते ब्रह्मदेशास निघाले, १८०० मध्ये अमरपूर येथे त्यांना उपसंपदा मिळाली. १८०३ मध्ये परतल्यावर गॉलच्या उत्तरेस बलपिटिय येथे, मादू नदीच्या पात्रात त्यांनी उपसंपदेचा विधी केला. अमरपूर निकायाचा आरंभ असा झाला. बौधायन धर्मसूत्राने समुद्रप्रवास पतनास कारण ठरविला आहे. येथे मात्र त्याच समुद्राने खाली लोटलेल्यांना उभे केले.

संग्रहालयात सागरी जीवसृष्टीचाही विभाग आहे. तो पाहताना तटातील प्रवाळाची आठवण झाली. असंख्य सूक्ष्म जीवांच्या सांगाड्यांनी ती भिंत बनली आहे. तिच्या आश्रयाने त्सुनामीत किल्ल्यातील वस्ती पुष्कळशी वाचली. अंगुत्तर निकायातील पहाराद सुत्तात समुद्राचे गुण सांगितले आहेत. त्यात प्रचंड जलचर राहतात, त्याच्या पाण्याला एकच चव असते, आणि त्यास मिळालेल्या नद्या आपली नावे मागे ठेवतात. तसेच चारही वर्णांचे लोक संघात येताच पूर्वीची नावे टाकतात. ज्ञानविमलांनी नवे काही मागितले नव्हते. बुद्धाने दिलेले वचनच त्यांनी संघाला स्मरण करून दिले.

१९५० मध्ये बाबासाहेब कँडी येथील जागतिक बौद्ध परिषदेस गेले होते. आपणही बौद्ध देशांकडे श्रद्धेने, परंतु उघड्या डोळ्यांनी पाहावे. धम्म स्वीकारला म्हणून जात आपोआप संपत नाही. ती प्रत्येक पिढीला जाणीवपूर्वक संपवावी लागते. आपल्या वसतिगृहात एका पंगतीत बसून जेवलेल्या मुलांनी बाहेर गेल्यावर पोटजातीत सोयरीक शोधली, तर आपल्याही समुद्राने नद्यांची नावे पुसली नाहीत, असेच म्हणावे लागेल.

शेवटी स्वाध्याय. सिंधुदुर्ग असो, जंजिरा असो वा एखादे संग्रहालय, मुलांना घेऊन जा आणि त्यांना तीन प्रश्न विचारायला लावा : ही वस्तू कोणाची होती? ती कोणाच्या हातांनी घडली? आणि त्या हातांचे नाव येथे का नाही? तिसऱ्या प्रश्नापाशी खरा इतिहास सुरू होतो.

नमो बुद्धाय! जय भीम!