होसकोट्याची लढाई : पटावरील अंधार

बंगळूरजवळील ‘होसकोटे’ या नावाचा कन्नड भाषेत अर्थ होतो ‘नवा किल्ला’. पहिल्या इंग्रज-म्हैसूर युद्धात इंग्रजांच्या मदतीस आलेले गुत्तीचे मुरारराव घोरपडे यांचा तळ येथे पडला होता. 22 ऑगस्ट 1768 च्या रात्री हैदरअलीच्या घोडदळाने या तळावर छापा घातला. मुराररावांनी आज्ञा केली, की कोणीही घोड्यावर बसू नये. प्रत्येकाने आपल्या घोड्याजवळ उभे राहूनच लढावे. त्यामुळे घोड्यावर दिसेल तो शत्रू, अशी अंधारातही ओळख पटली आणि छापा फसला.

ही लढाई पटावर खेळावयाची झाल्यास सैन्याची संख्या मांडणे पुरेसे नाही. अंधारही मांडावा लागतो. त्यासाठी सोंगट्या पालथ्या ठेवाव्यात. दोन सोंगट्या भिडल्यावर फासा टाकावा आणि दान उलटे पडल्यास घाव स्वकीयांवरच बसावा. पायउतार झालेल्या पक्षाला हे भय नाही. मात्र त्याला पाठलाग करता येणार नाही. स्वाराचे खरे बळ वेगात असते. मुराररावांनी तेच सोडून आपली माणसे वाचविली.

विचार करा : त्यांच्या जागी आपण कोणती आज्ञा दिली असती?