पोटापुरतं माझं, मग बाकीचं?



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, सप्तम स्कंध, अध्याय १४.

काल आपण प्रल्हाद आणि अजगरवृत्तीने राहणाऱ्या मुनींचा संवाद पाहिला. तो ऐकून युधिष्ठिर आज नारदांना विचारतो, की हे संन्याशांचं झालं, पण माझ्यासारख्या घरादारात बुद्धी अडकलेल्या माणसाने काय करायचं? मला हा प्रश्न फार आवडतो. राजसूय करणारा सम्राट आपल्यासारख्या हप्तेवाल्यांच्या वतीने विचारतोय असं वाटतं.

नारद बरंच सांगतात, पण मी आठव्या श्लोकावर अडकलो. पोट भरेल तेवढ्यावरच माणसाचा हक्क, त्याहून जास्त जो माझं माझं म्हणतो तो चोर आणि शिक्षेला पात्र, असा त्याचा सरळ अर्थ. नारद इथे 'दान कर' म्हणत नाहीत. दान म्हटलं की माझी मालकी शाबूत राहते, वर पुण्यही मिळतं. चोर म्हटल्यावर मालकीच गेली. लगेच पुढच्या श्लोकात ते हरीण, उंट, गाढव, माकड, उंदीर, साप, पाखरं, माश्या अशी यादी देतात आणि म्हणतात, यांना पोटच्या लेकरांसारखं बघ, त्यांच्यात आणि लेकरांत अंतर ते कितीसं?

माश्यांचं राहू द्या, मला माझ्या वर्गमित्राबद्दल लिहायचंय.

आमचं गाव घनसावंगी तालुक्यात, जालना जिल्हा. समर्थ रामदासांचं जांब याच तालुक्यातलं. 'जालना सोन्याचा पालना' ही म्हण तुम्ही ऐकली असेल. शहरात सळईचे कारखाने आहेत, बियाण्यांच्या मोठ्या कंपन्या आहेत, आता समृद्धी महामार्गही शेजारून गेलाय. आणि त्याच जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला हजारो माणसं ट्रक-ट्रॅक्टरमध्ये बसून ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि पाच-सहा महिने ती फेडत राहायची. आजारपणात खाडा झाला तर उलटे पैसे कापतात. जानेवारी २०२४ मध्ये मजुरी ३४ टक्क्यांनी वाढली, टनाला साधारण ३६६ रुपये झाली. जोडीने मान मोडून दिवसाला दोन टन तोडला, तरी दोघांत मिळून सव्वासातशे-साडेसातशे. त्याच महिन्यात आम्ही चौघं पुण्यात जेवायला गेलो होतो, बिल २,९०० आलं होतं. म्हणजे एका कोयत्याचे चार दिवस. हा हिशोब मी तेव्हा केला नव्हता, आज सकाळी पोथी पुढ्यात ठेवून केला.

शेजारच्या बीडमध्ये २०१९ साली सरकारी समितीने ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. खाडा परवडत नाही, पाळीत फडावर सोय नाही, आणि डॉक्टर भीती घालतो, अशी त्यामागची कारणं पुढे आली. बातमी आमच्या फॅमिली ग्रुपवर आली होती. तीन-चार जणांनी हात जोडल्याचे इमोजी टाकले. मग कुणाचा तरी वाढदिवस आला.

आम्ही ऑफिसात सर्व्हरवर नजर ठेवतो. काही बिघडलं की अलर्ट येतो. पण एखादा अलर्ट रोजच यायला लागला, की टीममधलं कुणीतरी तो म्यूट करतं. बिघाड तसाच राहतो, फक्त आवाज बंद. आपल्याला गरिबांचा राग नसतो हो. आपण फक्त म्यूट केलेलं असतं.

तर मित्र. जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीपर्यंत एका बाकावर होतो, गणितात तो माझ्या पुढे. गेल्या वर्षी दसऱ्यानंतर त्याचा फोन आला. मी मीटिंगमध्ये होतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, तेव्हा मीटिंग नव्हती, तरी घेतला नाही. मनात आलं, पैसेच मागणार. उलट फोन करायचा राहिला, म्हणजे ठेवलाच.

दिवाळीला गावी निघालो. शहागडला गोदावरीच्या पुलाजवळ समोरून ट्रॅक्टर येत होते. भांडीकुंडी, शेळ्या, त्यावर बसलेली पोरं. हेडलाइटमध्ये तोंडं क्षणभर दिसायची. बायको म्हणाली, "काच वर घे, धूळ येतीये." मी घेतली.

घरी आईने सांगितलं, तो दोनदा येऊन गेला. पोरगी सहावीत, तिच्या वसतिगृहाचा फॉर्म मोबाइलवर भरता येत नव्हता. ओटीपी येईना, फोटो चढेना. "तू भरून देशील म्हणाला. पैशाचं काही बोलला नाही गं बाई तो," आई मला नाही, माझ्या बायकोला सांगत होती. तोवर मुदत संपली होती. म्हातारी आजारी, मागे सांभाळायला कुणी नाही, म्हणून पोरगी त्यांच्यासोबतच गेली. कोपीवर धाकट्या भावाला बघते.

दहा मिनिटांचं काम होतं, आणि तेही माझ्याच धंद्यातलं. नारदांचा 'चोर' हा शब्द मी पैशापुरता धरत होतो.

आज वाचन झाल्यावर त्याला फोन लावला. मागे गाडी भरण्याचा आवाज. "बोल की रं इंजिनेर, लई दिवसांनी!" म्हणाला. रागाचा लवलेश नाही, त्यानेच मला जास्त लागलं. पोरीचं विचारलं. म्हणाला, "आता पट्टा पडल्यावरच बघू. वह्या आणल्यात तिनं संगं." मी तिच्याशी बोलायचं म्हटलं, तर ती पाण्याला गेली होती.

मुकादमाने हाक मारली, फोन ठेवला. संध्याकाळी पुन्हा लावणार आहे.

उद्या याच अध्यायातला अकरावा श्लोक घेऊ. घासातला वाटा कुणाकुणापर्यंत पोचवायचा, हे नारद तिथे सांगतात.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥